संचालकांच्या दारापर्यंत गेलेली अळी

संग्रहालयाच्या नव्या दालनासाठी आणलेला दगड पाहून संचालकांनी मिस्त्रीला जे पहिलं वाक्य ऐकवलं ते असं: "हा माल किडका आहे."

मिस्त्री एकतीस वर्षं फरश्या बसवत होता. बँकेत, दवाखान्यात, शाळेत, न्यायालयात लोक त्याच्या कामावर पाय देऊन उभे होते आणि एकानेही कधी खाली वाकून बघितलं नव्हतं. त्याची त्याला सवय होती. पण दगडाला कीड लागते हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्याने शांतपणे समजावून सांगितलं की या रेघा म्हणजे कीड नव्हे, वाटा आहेत. हा दगड कधीकाळी समुद्राच्या तळाचा गाळ होता. त्यावरून कुठलीतरी अळी पोट घासत गेली. अळी मेली, विरघळली, तिचं हाडूकसुद्धा उरलं नाही, कारण तिला हाडूकच नव्हतं. वाट तेवढी राहिली. खाणीवरच्या अडाण्यालाही हे ठाऊक असतं, असं तो शेवटी म्हणाला.

ते शेवटचं वाक्य संचालकांना झोंबलं. खुर्ची मोठी असली की माणसाची कातडी पातळ होते. त्यांनी तिथल्या तिथे दोन हुकूम सोडले. एक, किडक्या लाद्या कपाटांखाली दडपायच्या, मधल्या वाटेवर एकही दिसता कामा नये. दोन, कामगारांनी आतली स्वच्छतागृहं वापरायची नाहीत आणि पाण्याच्या यंत्राला हात लावायचा नाही. त्या इमारतीत पेंढा भरलेल्या प्राण्यांसाठी चोवीस तास गार हवा सोडलेली होती. जिवंत माणसाने मात्र लघवीला रस्ता ओलांडून पेट्रोल पंपावर जायचं.

मिस्त्री रागावला की ओरडत नसे. तो काम जास्त चांगलं करी. हा त्याचा जुना रोग.

त्याने दोन दिवस खाणीवर घालवले. खाण त्या महिन्यात बंद होणार होती, तळात पाणी भरायला लागलं होतं. खाणीतल्या माणसांनी दगडाच्या थरांना आपली नावं ठेवलेली होती. सगळ्यात खालचा थर 'वळवळी', मधला 'मुकी', कारण तिच्यावर हातोडा मारला तर आवाज येत नसे, आणि वरची 'चाळण', कारण तिच्या अंगावर जोडीजोडीने भोकं. या तिन्हींतून मिस्त्रीने अळीच्या वाटा असलेल्या अकरा लाद्या निवडल्या आणि त्या अगदी मधोमध बसवल्या. मुख्य दारापासून थेट संचालकांच्या दारापर्यंत. एका लादीवरची वाट जिथे संपते तिथे दुसरीवरची सुरू होईल, अशा त्याने त्या फिरवून, कापून, सरकवून जुळवल्या. सांध्यांत दगडाचं पीठ आणि सरस भरून ओल्या गोणपाटाने असे घासले, की सांधा कुठे आहे ते बोटाला कळेना. एका ठिकाणी चार बोटं वाट कमी पडत होती. ती त्याने बारीक छन्नीने स्वतः कोरली. चार बोटं अळीच्या ऐवजी मिस्त्री चालला.

शेवटच्या जागी, संचालकांच्या दारासमोर, काही केल्या जुळणारी लादी मिळेना. मग त्याने चाळणीची एक लादी सहज उलटी केली, तर तिच्या पोटावर दोरीसारखी फुगीर वाट होती. तीच रुंदी, तेच वळण. त्याने ती पालथीच बसवली.

आता फरशीवाल्यांचा एक रिवाज आहे, तो बाहेर कुणाला ठाऊक नसतो. लादी टेकवण्याआधी तिच्या खाली जाणाऱ्या बाजूवर छन्नीच्या टोकाने थराचं नाव आणि आकडा कोरायचा. पेन्सिल ओल्या मालात, म्हणजे सिमेंटच्या कालवणात, पुसली जाते, म्हणून कोरायचं. आणि जागा उरली तर मनातलं कोरायचं. समोर बोलता येत नाही ते दगडाच्या पाठीवर लिहायचं आणि सिमेंटमध्ये गाडून टाकायचं. शहरातल्या निम्म्या भारदस्त इमारती अशा शिव्यांवर उभ्या आहेत. संचालकांचा एक आवडता शिरस्ता होता: रोज सकाळी आपल्या दारासमोर उभं राहून, कमरेवर हात ठेवून, येणाऱ्या प्रत्येकाला झापायचं. मिस्त्रीने ते पंधरा दिवस पाहिलं होतं. त्याने शेवटच्या लादीवर लिहिलं: 'चाळण. अकरा.' आणि खाली ठसठशीत अक्षरांत: 'इथे रोज एक गाढव उभं राहील.' मग ती टेकवली. कोरण्यात वेळ गेला होता आणि वरून घाई चालली होती, त्यामुळे सिमेंटने धरावं म्हणून पाठ भिजवतात ती भिजवायची राहिली. वाळल्यावर ती लादी ठोकली की पोकळ वाजे. मिस्त्री म्हणाला, वाजू दे.

संचालक चिडले, पण उद्घाटन तोंडावर होतं, उखडायला वेळ नव्हता. इथवर सगळं झकास होतं. घोळ घातला तो मिस्त्रीच्या जिभेने, आणि तोही घरी, जेवताना.

मिस्त्रीला एकच मुलगी. अंगाने बारीक आणि सतत कुठेतरी चाललेली, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. मुंगी भूशास्त्र शिकून एका प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधन करत होती, आणि तेही या असल्याच वाटांवर: मेलेल्या अळ्या कुठून कुठे गेल्या आणि त्यावरून तेव्हाचा समुद्र कसा होता. दगड हातात धरायला तिला बापाने शिकवलं होतं. त्या रात्री मिस्त्री खुशीत होता. तो म्हणाला, दालनात जाऊन बघ, एकच अळी आहे, दारातून निघालीय ती थेट साहेबाच्या खोलीपर्यंत, चाळीस फूट.

थट्टा होती. पण बाप दगडाबद्दल कधी खोटं बोलला नव्हता. मुंगीने दुसऱ्या दिवशी जाऊन मोजलं. एकेचाळीस फूट दोन इंच. तिने प्राध्यापकांना सांगितलं. प्राध्यापक धावत आले आणि त्या फरशीवर अक्षरशः लोळले.

पुढे काय व्हायचं ते झालं. जगातली सर्वांत लांब अखंड वाट म्हणून वर्तमानपत्रात फोटो आला. संचालकांनी मुलाखत दिली की हा दगड आपण मुद्दाम, पारखून निवडला. किडक्या मालाला आता नवं शास्त्रीय नाव मिळणार होतं आणि त्यात संचालकांचं आडनाव गुंफायचं ठरलं होतं. शेवटच्या लादीवर वाट खोलगट नसून फुगीर का, याचंही उत्तर प्राध्यापकांकडे तयार होतं. अळीला पुढे धोका जाणवला, ती गाळाखाली शिरली, गाळ वर उचलला गेला. मिस्त्रीने पालथ्या घातलेल्या एका लादीपायी त्या गृहस्थाने अळीच्या भीतीवर दोन पानं लिहिली.

मिस्त्री हे सगळं ऐकून गालातल्या गालात हसत होता. आधी साहेब फसला, मग साहेबाचा प्राध्यापक फसला. त्याला वाटलं, बरी जिरली. आपली मुलगी त्याच रांगेत उभी आहे हे त्याच्या डोक्यात शिरायला वर्ष लागलं. बाप असेच असतात. दुनियेला खड्डा खणतात आणि आपलं पोर कुठे खेळतंय ते बघत नाहीत.

वर्षाने बातमी आली की दुसऱ्या विद्यापीठातल्या एक म्हाताऱ्या बाई ही फरशी बघायला येणार आहेत. पन्नास वर्षं त्यांनी असल्या वाटा वाचण्यात घालवली होती आणि निम्म्या प्राध्यापकांची झोप त्यांनी उडवलेली होती. शुक्रवारी, अकरा वाजता. विश्वस्त असणार, पत्रकार असणार, आणि बोलणार मुंगी. तिचे प्राध्यापक सर म्हणाले होते, छापलेला निबंध दोघांचा असला तरी मोजमाप तुझं आहे, तूच बोल. मान घ्यायचा असतो तेव्हा सर पुढे असतात. मान कापली जायची शक्यता असते तेव्हा विद्यार्थी.

बुधवारी मुंगी ताटावर बसली ती आईच्या परातीतला भिजवलेल्या पिठाचा गोळा घेऊनच. तिने त्यात पेन्सिलीच्या बोथट टोकाने एक रेघ ओढली, वर मेणबत्तीचं वितळलेलं मेण ओतलं, गार झाल्यावर मेणाची चकती उचलून उलटी केली. तिच्या पोटावर फुगीर दोरी.

ती बापाला सांगू लागली की अळी जाते तेव्हा गाळात चर पडतो. वरून वाळू येते, चर भरतो, वाळूचा दगड होतो. म्हणून चर दिसला तर ती दगडाची वरची बाजू, आणि दोरी दिसली तर खालची. पहिल्या दहाही लाद्यांवर चर आहे. शेवटच्या एकीवर दोरी.

"ती लादी पालथी आहे, बाबा. पण दहा सुलट आणि एक पालथी, आणि वाट मात्र सलग. हे मला तरी जुळत नाही. त्या बाई पहिल्या मिनिटात हेच विचारतील."

मिस्त्रीला ठसका लागला. मुंगीच्या आईने पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षं ती हा चेहरा वाचत होती, तिला भिंग लागत नसे. मुंगी हात धुवायला उठली तशी ती हळूच म्हणाली, "काय करून ठेवलंत?"

त्याने थोडक्यात सांगितलं. थोडक्यात सांगूनही बराच वेळ लागला. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि एवढंच विचारलं की पोरीला तुम्ही सांगता की मी सांगू.

गुरुवारी सकाळी चहाच्या वेळी त्याने सांगितलं. एकतीस वर्षांत त्याचे गुडघे एवढे दुखले नव्हते, आणि तो तर खुर्चीवर बसला होता. मुंगी हातातली वही मिटून ऐकत राहिली.

"थर किती?"

"तीन."

"आणि मला सांगितलंत, एक अळी."

"जेवताना सांगितलं. जेवताना माणूस काय वाटेल ते बोलतो गं."

"दुसरं कुणी बोललं असतं तर मी सांधे तपासले असते," मुंगी म्हणाली. "तुम्ही म्हणालात म्हणून फक्त लांबी मोजली."

मिस्त्रीला हातोड्याने बोटावर मारून घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, उद्या तू आजारी पड, ताप आला म्हणून कळव. मुंगी म्हणाली की मग सर दुसऱ्या कुणाला तरी उभं करतील, तो मार खाईल, आणि छापलेलं खोटं छापलेलंच राहील. वर्षभराची मोजमापं तशीही कचऱ्यात गेलीच आहेत. निदान खोटं काय ते मीच सांगेन.

ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. मग तिने असं काही विचारलं, जे आजवर एकाही शिकलेल्या माणसाने मिस्त्रीला विचारलं नव्हतं: कुठली लादी कुठल्या थरातली, आणि कुठला थर कुठल्याच्या वर होता, हे आठवतं का?

आठवतं का म्हणे. मिस्त्रीने डोळे मिटून अकराच्या अकरा सांगितल्या. पहिल्या पाच वळवळीच्या, पुढच्या पाच मुकीच्या, शेवटची चाळण. वळवळीवरच्या वाटा कशा, तर कंजूष माणसाने नांगरल्यासारख्या, एकमेकींना चिकटून वळणाऱ्या, पण स्वतःवरून एकदाही न जाणाऱ्या. मुकीवरच्या गबाळ्या, वाटेल तशा. आणि चाळणीवर खाली दोऱ्या, वर जोडीजोडीने भोकं.

मुंगी लिहीत सुटली. तिचा राग कुठे गेला ते तिलाही कळलं नसावं. ती म्हणाली की कंजूष वाटा म्हणजे खोल, शांत पाणी. तिथे खायला थोडं, म्हणून अळी एक इंच वाया घालवत नाही. गबाळ्या वाटा म्हणजे अन्न भरपूर, पाणी उथळ होत चाललेलं. आणि चाळणीच्या लादीत तर अख्खं वादळ आहे. खालच्या दोऱ्या वादळाआधीच्या, निवांत दिवसांतल्या. मग वादळाने वाळू आणून ओतली, तीच ही लादी. आणि वरची भोकं त्या नव्या वाळूत बिऱ्हाड थाटायला आलेल्यांची, एक आत जायला, एक बाहेर यायला. म्हणजे समुद्र हळूहळू मागे हटत होता.

"एका अळीपेक्षा हे कितीतरी मोठं आहे, बाबा. फक्त तुमच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही. शेवटची लादी उचलावी लागेल. खालून भोकं निघाली की ती पालथी आणि वेगळ्या थरातली ठरली, आपण जिंकलो."

मिस्त्रीचा चेहरा पडला. तो म्हणाला, हव्या तर दहा उचलतो, ती नको.

"का?"

त्याने का ते सांगितलं. मुंगीने दोन्ही हातांनी डोकं धरलं. स्वयंपाकघरातून तिच्या आईचं हसू आधी फुटलं.

"तरी उचला," मुंगी म्हणाली.

शुक्रवारी मिस्त्री दालनात आला तो छन्नी, हातोडा, छोटी पहार आणि खिशात ओल्या चिकणमातीचा गोळा घेऊन. त्याचा बेत पक्का होता. लादी वर काढायची, पाठ आपल्या छातीकडे ठेवायची, आणि भोकं दाखवण्याआधी अक्षरांवर तळहाताने चिखल चोपडायचा. दोन सेकंदांचं काम. घरी त्याने मुंगीच्या आईच्या पाटावर तीनदा सराव करून पाहिला होता.

म्हाताऱ्या बाई काठी टेकत आल्या, फरशीकडे वाकल्या आणि पहिल्या मिनिटात नव्हे, दुसऱ्या पावलाला म्हणाल्या, "ही अळी फारच सरळमार्गी दिसते." प्राध्यापकांनी मुंगीला पुढे केलं. संचालक आपल्या नेहमीच्या जागी, शेवटच्या लादीवर, कमरेवर हात ठेवून उभे होते.

मुंगीने सांगून टाकलं. ही एक अळी नाही. अकरा लाद्या, तीन थर, आणि मध्ये किती काळ गेला त्याचा हिशेब अजून व्हायचाय. वाट माझ्या वडिलांनी जुळवली, मी ती न तपासता मोजली, निबंध चुकीचा आहे. तिचा आवाज एकदाच कापला, 'वडिलांनी' या शब्दावर. प्राध्यापक स्वतःच्या बुटांच्या नाड्या पाहू लागले. संचालकांनी विचारलं, याला पुरावा काय.

"पुरावा तुमच्या पायाखाली आहे, साहेब," मिस्त्री मागून म्हणाला. "जरा बाजूला व्हा."

संचालक नको म्हणणार होते, पण म्हाताऱ्या बाई काठी आपटून म्हणाल्या, उचला की, मी काय फोटो बघायला आले का. विश्वस्तांनी माना डोलावल्या. संचालक बाजूला झाले.

मिस्त्रीने सांधा खरवडला, पहारीचं टोक घातलं, आणि पोकळ वाजणारी ती लादी डबीचं झाकण निघावं तशी अलगद वर आली. त्याने ती छातीशी धरली, तळहात फिरवला, चिखल चोपडला, मग सुलटी करून सगळ्यांना दाखवली. जोडीजोडीने भोकं. पंचवीस, तीस, स्वच्छ, गोल. बाईंनी भिंग काढलं आणि मोठा समाधानाचा सुस्कारा सोडला. मुंगीने बापाकडे पाहिलं. मिस्त्रीने डोळा मारला.

पण बाई खाली वाकून खड्ड्यात बघत होत्या.

एकतीस वर्षं त्या माणसाचे हात मालात बरबटलेले होते. परवा रात्री मुलीने ताटावर पीठ आणि मेण घेऊन हेच, नेमकं हेच शिकवलं होतं. तरी त्याच्या लक्षात आलं नव्हतं. दगडात चर कोरला तर खालच्या सिमेंटवर दोरी उठणार. खड्ड्याच्या तळाशी, वाळलेल्या करड्या मालावर, एक एक अक्षर फुगीर, ठसठशीत, उलट्या बाजूने उभं होतं.

"हे काय?" बाई म्हणाल्या. बाईंनी पर्स उघडली, घडीचा गोल आरसा काढला, तिरका धरला आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात वाचलं, "चाळण. अकरा. इथे रोज... एक... गाढव उभं राहील."

मागे एक पत्रकार खोकला. तो खोकला नव्हता.

संचालकांचे कान लाल झाले. हे कुणी लिहिलं, त्यांनी विचारलं. मिस्त्री म्हणाला, मी. खोटं बोलून एकदा झालं होतं. मग संचालकांनी तो प्रश्न विचारला जो शहाण्या माणसाने मेला तरी विचारला नसता.

"कुणाबद्दल?"

दालनातल्या सगळ्यांच्या नजरा आधी खड्ड्याकडे, मग संचालकांच्या बुटांकडे गेल्या. उत्तर द्यायची गरजच उरली नाही.

"ते राहू द्या," म्हाताऱ्या बाई म्हणाल्या आणि मुंगीकडे वळल्या. त्यांचे डोळे चकाकत होते. "मुली, खूण समोर आहे. करणारा कोण तेही कळलं. तेव्हाची परिस्थिती काय होती, सांग. खुणेवरूनच सांगायचं."

हा प्रश्न थट्टेचा नव्हता. मुंगीला ते कळलं. निबंध बुडाला होता, सरांनी नजर फिरवली होती. ही मुलगी वाचू शकते की नाही एवढंच आता ठरायचं होतं. ती गुडघ्यांवर बसली, भिंग लावलं आणि बराच वेळ घेतला.

"खूण करणारा जमिनीवर गुडघे टेकून होता, एका हाताच्या टप्प्यात सगळ्या ओळी आहेत. घाईत नव्हता, एकही मात्रा सुटलेली नाही. 'गाढव' या शब्दावर छन्नी दुप्पट खोल गेलीय, म्हणजे राग ताजा होता, पण हात स्थिर होता. उन्हाळ्याचे दिवस होते. आसपास पाणी होतं." तिने भिंग खाली घेतलं. "पण ते त्याच्यासाठी नव्हतं. आणि जवळचं स्वच्छतागृह रस्त्यापलीकडे."

"ते खुणेत कुठे दिसलं?" बाईंनी विचारलं.

"ते घरी ऐकलं," मुंगी म्हणाली.

"मग तशी नोंद कर. जे खुणेत नाही ते खुणेत आहे म्हणायचं नाही." बाईंनी आरसा मिटला. "बाकी बरोबर. नवा निबंध लिही, मला पाठव. आधी मला, मग यांना." यांना म्हणजे सरांना. सर एव्हाना शेजारच्या विश्वस्ताला सांगत होते की मला पहिल्यापासून शंका होतीच.

संचालकांना तो माल त्याच संध्याकाळी फोडून टाकायचा होता. पण त्यावर भोकांचे ठसेही उठले होते, आणि बाईंनी विश्वस्तांना पत्र लिहिलं की हा पुरावा आहे, याला कुणी हात लावला तर मी पुन्हा येईन. ही धमकी पुरली. लादी एका चौकटीत उभी केली गेली, दोन्ही बाजूंनी दिसेल अशी. खड्ड्यावर काच बसवायचं ठरलं. ती बसवायला मिस्त्रीलाच बोलवावं लागलं, कारण तो खड्डा कुठे काटकोनात आहे आणि कुठे तिरका, ते फक्त त्यालाच ठाऊक होतं. त्याने निरोप पाठवला: बसायला खुर्ची, प्यायला गार पाणी, आणि स्वच्छतागृह आतलं. तिन्ही मिळालं. तेव्हापासून संचालक आपल्या दारात लांब टांग टाकून शिरतात आणि कमरेवर हात ठेवायला त्यांना दुसरी जागा सापडलेली नाही.

काच बसवली त्या दिवशी मुंगी उरलेल्या दहा लाद्यांवर गुडघे टेकून, भिंग डोळ्याला लावून सरकत होती. तिचं मोजमाप पहिल्यापासून पुन्हा चालू झालं होतं. मिस्त्री खुर्चीवर बसून गार पाणी पीत होता.

"बाबा, चार बोटं कोरलीत म्हणालात. कुठली?"

"शोध की. शिकलीस ना?"

ती तासभर शोधत होती. त्याने तिला दोनदा मुद्दाम चुकीच्या लादीकडे बघत चकवलं. शेवटी सातव्या लादीशी ती थांबली, नाक दगडाला लागेपर्यंत वाकली आणि हसायला लागली.

"इथे. वाटेची डावी कड उभी आहे आणि उजवी तिरकी. दगड उजवीकडून तासलाय. अळीला उजवा हात नसतो."

एकतीस वर्षांत मिस्त्रीचा हात कुणी ओळखला नव्हता. त्याने उगीच पेल्यात बघितलं. पाणी संपलं होतं.

मुंगीने खडूने त्या चार बोटांभोवती गोल काढला आणि वही उघडली. वहीत तक्ता होता, लादी, थर, लांबी, खोली, आणि शेवटच्या रकान्यात वाट करणारा कोण. वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळीत तिने 'अज्ञात' लिहिलेलं होतं. सातव्या ओळीखाली तिने एक नवी ओळ आखली, चार बोटं लांबी भरली, आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: 'बाबा'.